पिकअपची चासी आणि अंडरकोटिंग: गॅरेजात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना-अंबड रस्त्याला माझं चासी आणि वेल्डिंगकामाचं छोटं गॅरेज आहे. येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त पिकअप: बोलेरो, योद्धा, दोस्त, अधूनमधून एखादी जुनी टाटा २०७. मे महिना लागला की फोन सुरू होतात, "मिस्त्री, पावसाळ्याच्या आत खालून कोटिंग मारून द्या." प्रश्न सगळ्यांचे तेच असतात आणि हातात ग्राइंडर असताना फोनवर धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा बसून लिहून काढलं. 'फ्रेम' आणि 'चासी' हे शब्द मी एकाच अर्थानं वापरलेत, म्हणजे इंजिन आणि हौदा ज्यावर बसतात तो खालचा लोखंडी सांगाडा. आम्ही बोलतोही तसंच.

आपल्याकडे पाऊसच कमी. मग गंज येतो कुठून?

पाऊस कमी हे खरं. मराठवाड्याची सरासरी साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीची ३००० च्या वर. नुसत्या हवेचा हिशेब धरला तर आपल्या गाड्या कोकणातल्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकायला हव्यात, आणि बऱ्याच टिकतातही. ज्या टिकत नाहीत त्या वरून पडणाऱ्या पावसानं सडलेल्या नसतात. चिकटून बसलेला चिखल आणि हौद्यातून गळणारा माल, हे दोघं त्यांना खातात.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पाण्यात क्षार विरघळले की तेच काम झपाट्यानं होतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत. शेतात हे वरदान, पण चासीला तोच शाप. रस्ता कोरडा होतो, टायर पांढरे पडतात, तरी फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यातला गारा कैक दिवस ओला राहतो. एका सप्टेंबरात एका बोलेरोच्या क्रॉस मेंबरमागून, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीमागून, मी मुठीएवढा गोळा काढला. वरून खडक, आतून लोण्यासारखा मऊ. त्याच्या खालचा रंग फुगला होता, नख लावलं तर पापुद्रा उठला आणि खाली नारिंगी पाणी. ती गाडी चार दिवस उभीच होती आणि चारही दिवस कडक ऊन पडलं होतं.

चासीत गंज आधी कुठे धरतो?

जिथे हात पोचत नाही तिथे. गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घेऊन टॉर्च मारली की चासीची लांब सरळ बाजू सगळ्यांना दिसते, ती बहुधा बरी असते. बघायचं ते वेगळं. मागच्या पाट्यांना (वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना) धरणारे हँगर आणि शॅकल जिथे फ्रेमला बसतात तो भाग. डिझेल टाकीचा पट्टा फ्रेमला घासतो ती जागा. हौद्याच्या आडव्या तुळ्या चासीवर टेकतात तो सांधा, विशेषतः मधे लाकडी किंवा रबरी पट्टी असेल तर, कारण ती ओली होते आणि ओलीच राहते. दोन पत्रे एकावर एक बसवून रिव्हेट मारलेले असतात तिथे पाणी केशिकेसारखं आत ओढलं जातं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आत बसून दोन्ही पत्रे एकमेकांपासून उचलायला लागतो. बाहेरून सांधा गरोदर बाईच्या पोटासारखा फुगलेला दिसला की समजायचं, आत बरंच काही होऊन गेलंय.

चासी बंद पेटीसारखी असेल तर तिच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसतच नाही. अशा फ्रेमला खालून पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. ती चिखलानं बुजली की पेटीची टाकी होते. सायकलच्या चाकाची एक जुनी तार गाडीत ठेवा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी ती भोकं मोकळी करा. या कामाला पैसे लागत नाहीत, म्हणून कोणी करत नाही.

कोणता माल वाहिला की गाडी लवकर सडते?

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून सांगतो. पहिला नंबर खताचा. रेक, म्हणजे खताची मालगाडी, लागला की दोन-तीन आठवडे गाड्या नुसत्या खतच वाहतात. गोणी कुठेतरी उसवलेली असतेच. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो. लाल पोटॅश तर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. हौद्याच्या फटीतून खाली पडलेले दाणे चासीवर बसतात, पहिल्या पावसात विरघळतात आणि सांध्यात शिरतात. नंतर गाडी कितीही दिसायला स्वच्छ ठेवा.

दुसरा नंबर जनावरांचा. हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला जाऊन आलेल्या गाडीच्या हौद्याखाली हात घाला, वासच सांगेल. जनावरांच्या मुतात क्षारही असतात आणि अमोनियाही. काही जण घरी गाडी गोठ्यालाच लावतात, ओल्या जमिनीवर, रोज रात्री. मग मला विचारतात की शेजाऱ्याची त्याच वर्षीची गाडी चांगली कशी.

त्यानंतर ओला माल. कन्नड-फुलंब्रीकडचं धुतलेलं आलं, बर्फातली मासळी, दुधाचे कॅन, भिजलेला कांदा. यातलं दूध सोडलं तर बाकीच्यांचं मला फार वाटत नाही, पाणी मारलं की जातं. सांडलेलं दूध आंबतं आणि फटीत चिकटून बसतं.

जालन्याच्या रोलिंग मिलमधून सळई वाहणाऱ्या गाड्यांचा त्रास निराळा. त्यांच्या हौद्याचा आणि चासीचा रंग खरवडून निघतो, मग उघडं लोखंड पावसाची वाट बघत बसतं.

नवीन गाडी घेतोय. शोरूममध्ये अंडरकोटिंग घ्या म्हणतात. घ्यावं का?

नवी गाडी हीच खरं तर योग्य वेळ, कारण खाली चिखल नाही, गंज नाही, पृष्ठभाग स्वच्छ. पण तीन गोष्टी विचारा. कोणता माल मारणार, त्याचं नाव बिलावर लिहून द्या. चासीच्या पोटात, म्हणजे बंद पेटीत, नळी घालून मारणार की नुसतं खालून दिसेल तेवढं? आणि मारताना मी खड्ड्यापाशी उभा राहिलो तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पैसे वाचवा.

कंपनीतून येणाऱ्या फ्रेमवर आधीच रंग असतो, काहींवर विजेच्या प्रवाहानं चढवलेला प्रायमर असतो, ज्याला सीईडी म्हणतात. तो बुडवून चढवलेला असतो, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत पोचतो. त्या थराला ओरखडा न पडू देणं हे कोणत्याही वरच्या कोटिंगपेक्षा मोलाचं आहे. वर्षाला फार तर पाच-सहा हजार किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यानं, माल म्हणजे किराणा, तर शोरूमचं पॅकेज सोडा. सांध्यात आणि पेटीत मेण मारून घ्या, बास.

कोटिंगचे प्रकार किती आणि त्यातलं चांगलं कोणतं?

बाजारात नावं शंभर आहेत, पण जाती मोजक्या.

डांबराची किंवा रबर मिसळलेली काळी कोटिंग सगळ्यात जास्त खपते. जाड बसते, गिट्टीचा मार सोसते, आवाजही थोडा कमी होतो. दिसतेही झकास. पण ती सुकून कडक होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि डिसेंबरात पहाटे कुडकुडायला होतं, या ताणानं काही वर्षांत तिला केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून गुळगुळीत काळी चासी आणि खाली गंजाचा पापड, असं मी कितीदा सोललंय याची गणती नाही.

मेणाची कोटिंग पातळ असते, सांध्यात झिरपते, ओरखडा पडला तर आजूबाजूचं मेण थोडं सरकून तो झाकतं. बंद पेटीसाठी हीच. हिचं दुखणं म्हणजे प्रेशरच्या पाण्यानं ती निघते आणि हलक्या प्रतीची असेल तर उन्हाळ्यात ठिबकते. विकत घेताना डब्यावर किती तापमानापर्यंत टिकते ते वाचा.

तेलाची किंवा लॅनोलिनची कोटिंग कधीच पूर्ण सुकत नाही. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं चरबट. मेंढी भर पावसात माळावर उभी राहते ती त्याच्याच जिवावर. थोड्या गंजलेल्या जुन्या चासीला मी हीच सुचवतो, कारण ती गंजाच्या थरात मुरते. दर वर्षी पुन्हा मारावी लागते आणि धूळ धरते. खालून गाडी मळकी दिसेल, तेवढं सोसा.

इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) रंग हे खरं पक्कं काम. पण त्यासाठी लोखंड उघडं, पांढरं करावं लागतं, म्हणजे हौदा उतरवणं आलं. चासी सुटी करून काम चाललं असेल तर हेच करा. गाडी उभी ठेवून नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बाहेरून चाकांच्या कमानीत, जिथे गिट्टी लागते तिथे, काळी कोटिंग. सांधे, रिव्हेट आणि पेटी मेणानं. सगळीकडे एकच माल मारणारा मिस्त्री त्याची सोय बघतो.

जळकं ऑइल मारलं तर? फुकटात होतं.

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि "काही उपयोग नाही" असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. तेलाचा थर पाण्याला अडवतो. आमच्या वडिलांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वर्षानुवर्षं तेच मारलं आणि ट्रॉली टिकली. पण ट्रॉलीला रबराचे बुश नव्हते, ब्रेकचे होज नव्हते, वायरिंग नव्हतं. पिकअपला हे सगळं आहे, आणि रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं. इंजिनमधून निघालेल्या ऑइलात जळण्यातून आलेलं आम्ल असतं, धातूचा चुरा असतो. ते हाताला लावून घ्यायची वस्तू नाही, त्यातली काही द्रव्यं कर्करोगाला कारण ठरतात. आणि ते ठिबकतं ते तुमच्याच अंगणात, विहिरीच्या कडेला.

शिवाय नंतर माझ्यासारख्याला तिथे वेल्डिंग करायचं असलं की आधी धूर, मग जाळ. वॉशिंगला डिझेल-ऑइलचा फवारा मारतात त्याचंही जवळपास हेच. चार दिवस चकाकी आणि त्यावर धुळीचा लेप.

रेड ऑक्साइड मारून ठेवलंय. पुरेल ना?

नाही. ते प्रायमर आहे, वरचा रंग बसावा म्हणून. एकट्यानं उघड्यावर ते पाणी थांबवत नाही. वर रंगाचे दोन हात द्या.

माझी चासी कितपत गेलीय हे घरी कसं ओळखायचं?

छोटी हातोडी आणि एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या. हातोडीनं हलकं ठोकत पुढून मागे जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं. जिथे आवाज भद्द येतो तिथे थांबा. खाली पापुद्रे पडले असतील तर ते खरवडून काढा आणि स्क्रू-ड्रायव्हर जोर देऊन टोचा. नुसता नारिंगी रंग असेल, टोक घसरत असेल, तर तो वरचा गंज, घाबरायचं कारण नाही. पानावर पान असल्यासारखा थर सुटत असेल तर पत्र्याची जाडी कमी झालीय, मोजून घ्यावी लागेल. टोक आत गेलं तर कोटिंगचा विषय संपला, आता वेल्डिंगवाला.

बिलकूल घाई करू नका आणि जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. घोडी (लोखंडी स्टँड) लावा, चाकांना दगड लावा. हे मी दोनदा लिहिलं असतं तरी कमीच होतं.

गंजावरच कोटिंग मारलं तर तो तिथेच थांबतो ना?

हा गैरसमज मलाही होता. त्याची किंमत मी मोजलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गॅरेज सुरू करायच्या आधी माझी स्वतःची पिकअप होती, मोसंबी आणि खत वाहायची. शहरातल्या एका दुकानात मी तिला खालून काळी कोटिंग करून घेतली. सकाळी प्रेशरनं धुतली, दुपारी कोटिंग, संध्याकाळी गाडी ताब्यात. मी खूश, कारण एक दिवसाचंही भाडं बुडालं नव्हतं. दोन वर्षं खाली बघायची गरज वाटली नाही, इतकं ते छान दिसत होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात मोसंबीचे कॅरेट भरून निघालो आणि शहागडच्या पुलाच्या अलीकडे गाडी तिरकी चालायला लागली. मला वाटलं मागचा टायर बसला. उतरून पाहिलं तर हवा ठीक, पण डाव्या बाजूचा हौदा चार बोटं खाली. टॉर्च घेऊन आडवा झालो. मागच्या पाट्याच्या हँगरजवळ कोटिंग तशीच होती, काळी, चकचकीत, फक्त फुगलेली. अंगठ्यानं दाबली तर आत गेली. तिच्याखाली लोखंड उरलंच नव्हतं, तपकिरी भुगा आणि ओला चिखल, आणि चिखलात पांढरे दाणे. दोन वर्षांपूर्वीचं खत होतं ते, माझंच. कोटिंग करणाऱ्यानं ते आत बंद करून दिलं होतं, आणि मीच "लवकर द्या" म्हणून मागे लागलो होतो.

माल दुसऱ्या गाडीत टाकला, त्याचं भाडं भरलं, गाडी ओढून आणली. त्यानंतर महिनाभर एका जुन्या मिस्त्रींकडे बसून चासी दुरुस्त होताना पाहिली, आणि धंदा बदलला तो तिथूनच.

तर उत्तर असं. सुटा गंज, माती, क्षार यांच्यावर काहीही मारलं तरी ते आत चालूच राहतं. तारेच्या ब्रशनं, जमेल तिथे ग्राइंडरला तारेचा कप लावून सुटं तेवढं सगळं काढा. जे घट्ट चिकटून राहतं त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावता येतो. त्यात टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असतं, ते गंजाशी संयोग पावून काळसर, टिकाऊ थर बनवतं. तो पूर्ण सुकला की प्रायमर, मग कोटिंग. पण कन्व्हर्टर म्हणजे जादू नाही. जाड पापुद्र्यावर ओतला तर वरचाच थर काळा होतो.

काम घरी करायचं तर क्रम काय? आणि पाण्याचं काय करायचं?

पाण्याचा प्रश्न रास्त आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या गावात टँकर येतो तिथे पिकअपच्या पोटावर अर्धा तास पाणी सोडणं मनाला पटत नाही. मी असं करतो. गाडी दोन दिवस उन्हात उभी करतो. काळी माती वाळली की आपणहून तडकते. मग लाकडी पट्टीनं आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं ती पाडतो. बादलीभर माती सहज निघते, तीही धूळ होऊन, म्हणून तोंडाला रुमाल आणि डोळ्याला चष्मा. यानंतर पाणी फार थोडं लागतं, तेही सांधे आणि पेटीपुरतं. बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटचा हात साध्या पाण्याचा द्या.

धुतल्यावर पूर्ण एक दिवस आणि एक रात्र वाळू द्या. बाहेरून कोरडं दिसतं तेव्हा पेटीच्या आत पाणी असतंच. भोकातून हवा मारा, दुसऱ्या भोकातून थेंब उडतात ते बघा. थेंब थांबले की पुढे.

मग ब्रश, मग थिनरचा फडका, प्रायमर, आणि कोटिंगचे दोन पातळ हात. एकच जाड हात मारला तर वरून साय धरते, आत ओलं राहतं. पेटीसाठी स्प्रे गनच्या तोंडाला मीटरभर प्लास्टिकची बारीक नळी लावा, तिच्या टोकाला बंद करून सुईनं बाजूंनी भोकं पाडा. नळी शेवटपर्यंत आत घालायची आणि मारत मारत बाहेर ओढायची. खालच्या भोकातून मेण ठिबकायला लागलं की समजा, तळापर्यंत पोचलं. ठिबकणं थांबल्यावर भोकं पुन्हा तारेनं मोकळी करा. पुष्कळ जण इथेच चुकतात, भोकासकट सगळं बुजवून टाकतात.

खड्ड्यात उतरून काम करत असाल तर थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठते. विडी बाहेर ठेवून उतरा आणि तासाभराने वर येऊन मोकळी हवा घ्या. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर आज काम करू नका.

कोटिंग कुठे कुठे लागता कामा नये?

सायलेन्सर आणि त्याच्या आसपास, नाहीतर धूर आणि आगीचं भय. ब्रेकचे ड्रम, डिस्क, रबरी होज. हँडब्रेकची केबल. मागच्या ॲक्सलजवळचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) आणि त्याचा दांडा. जॉइंट शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा फिरता दांडा), कारण त्यावर एका बाजूला जाड थर बसला की वेगात थरथर सुरू होते. ग्रीसची निपलं. पाटे, कारण त्यांना एकमेकांवर सरकायचं असतं. यू-बोल्टचे आटे. वायरिंगचे कनेक्टर. हे सगळं कागद आणि टेपनं झाकायला दोन तास जातात, आणि बिल कमी करायचं असेल तर हेच दोन तास कापले जातात.

एक मात्र विसरू नका: चासी नंबर. उजव्या बाजूच्या फ्रेमवर तो कोरलेला असतो, त्यावर कोटिंग बसली तर पासिंगच्या वेळी पेन्सिलचा ठसा निघत नाही. माल वाहणाऱ्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस लागतं. तिथे रांगेत उभं राहून थिनरनं नंबर घासणारे चालक मी पाहिलेत. त्या जागी नुसता पारदर्शक मेणाचा हात पुरे.

वर्षातून कधी करावं?

एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य, किंवा दिवाळीनंतर. मेमध्ये करायचं तर सकाळी, सावलीत. फ्रेमला हात टेकवत नसेल इतकी ती तापली असेल तर कोटिंगला बुडबुडे येतात. दिवाळीनंतरची वेळ मला जास्त आवडते. पावसाळ्यात काय काय झालंय ते डोळ्यासमोर असतं आणि गॅरेजात गर्दी नसते. मृग लागल्यावर फोन करू नका.

एकदा केलं की किती वर्षं टिकतं?

तेलाची वर्षभर. मेणाची बाहेरून वर्ष-दीड वर्ष, पेटीच्या आत त्याहून जास्त. काळी कोटिंग चार-पाच वर्षं दिसते, पण दिसणं आणि टिकणं यात फरक आहे हे वर सांगितलंच. दर वर्षी एकदा अंगठ्यानं दाबून बघा. कुठे पोकळ लागलं तर तेवढाच भाग सोलून पुन्हा करा.

विम्यात गंजाचं बसतं का?

नाही. नेहमीची झीज आणि गंज विम्याबाहेर असतो.

वेल्डिंग करून पट्टी मारली तर फ्रेम पहिल्यासारखी होते?

नीट केली तर काम देते. पट्टीचं टोक चौकोनी नको, निमुळतं किंवा माशाच्या तोंडासारखं कापलेलं हवं, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. फ्रेमच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग नको, तडा तिथूनच जातो. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची तार काढा. आणि वेल्डिंगच्या मागच्या बाजूचा रंग जळून जातो हे लक्षात ठेवा. समोरून प्रायमर मारला, मागे उघडं राहिलं, तर वर्षात पुन्हा तिथेच याल. माझ्याकडे आलात तर दुरुस्तीचं गिऱ्हाईक म्हणून मला चालेल.

सेकंडहँड पिकअप घेतोय, खालून नवी कोरी काळी आहे. चांगलं ना?

जुन्या गाडीची चासी ताजी काळी दिसली की मी आधी संशय घेतो. दहा वर्षांच्या गाडीला विकायच्या आठवड्यात कोटिंग करायची हौस कोणाला येते? नंबर प्लेट बघा. एमएच-०६, ०७, ०८ म्हणजे रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, ४८ म्हणजे वसई-पालघरकडची. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी. नंबर आपल्या जालन्याचा एमएच-२१ असला तरी मासळीच्या धंद्यात होती का ते विचारा. गाडीमालकाला सांगून हातोडीनं ठोकून बघा, हँगरजवळ स्क्रू-ड्रायव्हर टोचा. "रंग खराब होईल" म्हणून विकणारा अडवत असेल तर चहा पिऊन निघा.

अमेरिकेतल्या व्हिडिओत लोक दर वर्षी अंडरकोटिंग करतात. आपणही?

तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते मिठाचं पाणी महिनोन्महिने चासीला लागतं. त्यांचा रोग वेगळा. पण त्यातून एक कळतं. टोयोटाच्या टॅकोमा, टंड्रा, सिक्वोया या गाड्यांच्या चासी गंजल्या म्हणून तिथे खटला झाला आणि २०१६ मध्ये तडजोड ठरली, साधारण १५ लाख गाड्या, ३.४ अब्ज डॉलरपर्यंतचा अंदाज. चासीला कारखान्यात पुरेसं संरक्षण दिलं नव्हतं, हीच त्यातली मूळ तक्रार होती. तेव्हा नावाजलेली कंपनी आहे म्हणून खाली बघायचंच नाही, असं नको. तिकडची दर वर्षाची सवय आपल्याकडे खत आणि जनावरं वाहणाऱ्यांना लागू होते. किराणा वाहणाऱ्याला दोन वर्षांनी चालेल.

बॅटरीला जोडायचं इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र येतं, ते घेऊ का?

जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनला किंवा पाण्यातल्या जहाजाला विजेनं गंजापासून वाचवतात, ते खरं आहे. तिथे लोखंडाभोवती सतत ओली माती किंवा पाणी असतं, त्यातून प्रवाह फिरतो. पिकअपभोवती हवा असते. पैसे वाचवा.

कोटिंग झाल्यावर गाडी लगेच भरता येईल का?

मेण आणि तेलाची असेल तर दुसऱ्या दिवशी चालेल. काळ्या कोटिंगला दोन दिवस द्या, ढगाळ असेल तर तीन. पहिला आठवडा प्रेशर वॉश नको. आणि पहिलं भाडं कच्च्या रस्त्याचं घेऊ नका, नदीच्या वाळूचं तर नाहीच. ओल्या कोटिंगमध्ये वाळू रुतली की ती सॅंडपेपर होऊन बसते, मग ती सोलायला पुन्हा मलाच खड्ड्यात उतरावं लागतं.